विंचवाचे विष आणि त्याचा उतारा
पुनावळ्यासारख्या, माळ उपसून इमारती उभ्या राहत असलेल्या गावी दगडाखाली थोराड काळा विंचू निघाला की मजुरांची गाळण उडते. वस्तुतः त्याच्या दंशाने वेदना होत असल्या तरी प्राणभय क्वचितच, आणि आकाराने सामान्य अशा लाल विंचवाचे विष मात्र मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवून देहात असा क्षोभ माजविते की दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात व प्रसंगी फुप्फुसांत पाणी साचते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांसाठी प्राझोसिन हे औषध रूढ केले. प्रतिविषाची जोड कितपत उपकारक, याचा निर्वाळा त्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दिला: नुसत्या प्राझोसिनने ३५ पैकी ८ रुग्ण १० तासांत बरे झाले, जोडीने ३५ पैकी ३२. असे प्रतिविष बनविणाऱ्या हाफकिन महामंडळाचे केंद्र पुनावळ्यापासून जवळच, पिंपरीस आहे, हे आसपासच्या किती रहिवाशांस ठाऊक असेल, कोण जाणे! घोड्याच्या रक्तातून सिद्ध होणारे हे द्रव्य लाल विंचवाच्या विषापुरतेच बेतलेले असते. सर्पदंशावरील प्रतिविष येथे निरुपयोगी, आणि विलंब झाल्यास विंचवाच्या प्रतिविषाचाही प्रभाव ओसरतो.