कलहारीचा कंद : रानातली मुळी औषध कशी ठरते?



आपल्या आरोग्यसेवेला मदत करणारी मंडळी मला एक प्रश्न वरचेवर विचारतात. उपासना आटोपून चहा घेताना तर तो ठरलेलाच. "आदिवासी बांधवांना झाडपाल्याची एवढी माहिती आहे, मग ती प्रयोगशाळेत तपासून औषध का बनवत नाही?" पाठोपाठ कुणीतरी मोबाईल पुढे करते. अमुक वाळवंटी वनस्पतीच्या अर्काने सूज उतरते, त्यात भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत, हे म्हणे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. असा निरोप वाचून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करणारी आणि सातशे रुपयांचा भुकटीचा डबा मागवणारी माणसे मला ठाऊक आहेत. पाड्यावर हेच डबे विकायला येतात, आणि तिथे सातशे रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी.

प्रश्न चांगला आहे, पण एका वाक्यात उत्तर देण्याजोगा नाही. म्हणून या अंकात एका अशा वनस्पतीची हकीकत सांगते, जी खरोखरच वाळवंटातून निघून युरोपातल्या औषधांच्या दुकानांपर्यंत पोहोचली.

आफ्रिकेच्या दक्षिण भागात नामिबिया, बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका या देशांत कलहारीचा वाळूचा प्रदेश पसरलेला आहे. तिथे जमिनीसरशी पसरणारी एक वनस्पती उगवते. इंग्रजीत तिला डेव्हिल्स क्लॉ म्हणतात, म्हणजे सैतानाची नखे. नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, पण दोष तिच्या फळाचा आहे. त्याला चहूबाजूंनी आकडे असतात आणि ते जनावरांच्या पायांत रुततात. शास्त्रीय नाव हार्पॅगोफायटम, आणि कूळ म्हणाल तर आपल्या तिळाचे. पाऊस संपला की तिचा वरचा भाग वाळून जातो. जमिनीखाली मुख्य मूळ जिवंत राहते आणि त्याच्या फाट्यांना पाणी साठवणारे कंद लागलेले असतात.

सान लोक आणि त्यांचे शेजारी समाज हे कंद पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. काप करून वाळवायचे, उकळायचे आणि ताप, अंगदुखी, पोटाच्या तक्रारी यांवर प्यायचे. फोडांवर लेप लावायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नामिबिया ही जर्मनीची वसाहत होती. मेनर्ट नावाच्या एका जर्मन शेतकऱ्याला स्थानिक वैदूकडून या कंदाचा उपयोग कळला आणि कंद जर्मनीला गेले. 1962 पासून त्यांची व्यापारी निर्यात सुरू झाली. मेनर्टचे नाव पुस्तकांत आढळते. वैदूचे नाव सहसा येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचे आहे.

आता प्रयोगशाळेत काय होते ते पाहू.

वाळवंटी वनस्पतींकडे संशोधकांचे लक्ष जाण्याला कारण आहे. झाडाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. कडक ऊन आणि पाण्याची ओढ यांमुळे त्याच्या पेशींत ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात आणि हवेने लोखंड गंजावे तशी ती आतल्या भागांची नासधूस करतात. त्यापासून वाचण्यासाठी झाड फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड गटांतली द्रव्ये बनवते. हीच ती अँटिऑक्सिडंट.

ती मोजण्याची सर्वांत प्रचलित चाचणी अगदी सोपी आहे. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात अर्क घातला आणि जांभळा रंग फिका होत पिवळसर झाला, तर अर्कात अँटिऑक्सिडंट आहेत. किती अर्काने निम्मे काम होते ते मोजतात आणि क जीवनसत्त्वाशी तुलना करतात. खर्च कमी, निकाल तासाभरात. म्हणूनच अशा चाचण्यांचे निबंध ढिगाने निघतात. पण हीच चाचणी चहाला किंवा डाळिंबाच्या सालीला लावली तरी रंग उतरतो! परीक्षानळीतला रंग उतरला म्हणजे गुडघ्याची सूज उतरली असे होत नाही. पोटातले आम्ल, आतडी आणि यकृत एवढा प्रवास करून ते द्रव्य सांध्यापर्यंत पोहोचते का, हे परीक्षानळी सांगू शकत नाही.

शिवाय "अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले" हा समजही टिकलेला नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,000हून अधिक पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या होत्या. 1994 साली निकाल आला, तेव्हा त्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला दिसला. भाजी-फळे खावीत, यात वाद नाही. डब्यातली गोळी ही वेगळी गोष्ट.

सूज कमी करण्याच्या, म्हणजे दाहशामक गुणाच्या चाचण्या थोड्या अवघड असतात. काटा रुतला की ती जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. शरीर आपला बचाव करत असते. हाच दाह सांध्यात महिनोन् महिने चालू राहिला की तो आजार होतो. स्वस्तातली चाचणी म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातले प्रथिन तापवायचे आणि अर्कामुळे ते साकळायचे थांबते का ते पाहायचे. महाविद्यालयांत ती खूप केली जाते. माझ्या मते तिच्यावरून औषधाचा दावा करणे म्हणजे पाया न खणता घरावर कौले चढवणे. त्याहून बरी पद्धत अशी की, उंदराच्या भक्षक पेशी काचेच्या थाळीत वाढवायच्या, जिवाणूंच्या आवरणातले द्रव्य घालून त्यांना चिथवायचे आणि त्या दाह वाढवणारी रसायने किती सोडतात ते अर्कासह आणि अर्काशिवाय मोजायचे.

इथे एक मेख आहे, आणि ती रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका भगिनीने मला समजावून दिली. अर्क विषारी असेल तर पेशी मरतात. मेलेली पेशी काहीच सोडत नाही. म्हणजे विषसुद्धा कागदावर उत्तम दाहशामक दिसते! म्हणून पेशी जिवंत राहिल्या की नाही, ही चाचणी सोबत असावीच लागते. दुसरी गोष्ट अर्क काढण्याची. प्रयोगशाळेत पुष्कळदा मिथेनॉलसारखे द्रावक वापरतात. ते पाण्यात न उतरणारी द्रव्येही ओढून घेते. आपली आजी मुळी पाण्यात उकळते. तेव्हा मिथेनॉलच्या अर्काचा निकाल आजीच्या काढ्याला जसाच्या तसा लागू होत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

आणि सगळ्याआधी, वनस्पती तीच आहे ना? आपल्याकडे माळरानावर, रस्त्याच्या कडेला एक रोप उगवते. त्याच्या काळ्या, कठीण फळाला दोन वाकडी नखे असतात. आपण त्याला विंचू किंवा वाघनखी म्हणतो. इंग्रजीत त्यालाही डेव्हिल्स क्लॉ हे नाव चिकटले आहे. पण ते मूळचे मेक्सिकोकडचे, त्याचे कूळ वेगळे, कलहारीच्या कंदाशी त्याचा संबंध नाही. केवळ नावावर विसंबून विंचवाची मुळे उकळून पिणारा माणूस कोणत्या संशोधनाचा आधार घेतो आहे? म्हणून नीट काम करणारा संशोधक आधी वनस्पतीचा नमुना दाबून, वाळवून, ओळख पटवून जपून ठेवतो.

कलहारीच्या कंदाने या पायऱ्या ओलांडल्या. त्यात हार्पॅगोसाइड नावाचे कडू द्रव्य सापडले. युरोपच्या औषधसंहितेनुसार वाळलेल्या कंदात ते निदान 1.2 टक्के असावे लागते. त्यानंतर माणसांवर चाचण्या झाल्या. काही रुग्णांना कंदाचा अर्क आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी द्यायची. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही. ठरावीक प्रमाणात हार्पॅगोसाइड देणाऱ्या अर्काने कंबरदुखीत थोड्या मुदतीसाठी आराम पडतो असे दिसले. मात्र अशा सर्व चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने हा पुरावा कमकुवत असल्याचेही नोंदवले. 2003 मध्ये एका छोट्या चाचणीत या अर्काची तुलना रोफेकॉक्सिब या कंपनीच्या गोळीशी झाली आणि दोघांत ठळक फरक आढळला नाही. गंमत अशी की पुढच्याच वर्षी ती गोळी हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून काढून घेण्यात आली. म्हणजे गोळी कारखान्यातली असली म्हणून निर्धोक नसते, आणि मुळी रानातली असली म्हणूनही नसते. या कंदाच्या बाबतीत पोटात अल्सर असणाऱ्यांनी तो घेऊ नये आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी जपावे, अशी सूचना आहे.

एवढे होऊनही युरोपीय औषध नियामक संस्थेने या कंदाला किरकोळ सांधेदुखीसाठी "दीर्घकाळच्या पारंपरिक वापराच्या आधारावर" मान्यता दिली आहे. पूर्ण सिद्ध झालेले औषध म्हणून नव्हे.

आता त्या वैदूकडे येऊ. कंद खणणारे हात बहुतांशी गरीब ग्रामीण लोकांचे आहेत, त्यांत सान कुटुंबे पुष्कळ. ते काप वाळवून विकतात. अर्क काढणे, गोळ्या बनवणे आणि मोठा नफा हे सारे मुख्यतः युरोपात. मागणी वाढली तशी मुळासकट उपटण्याची भीतीही वाढली. नीट पद्धत अशी की मुख्य मुळाला हात लावायचा नाही, फाट्यांवरचे काही कंद काढायचे आणि खड्डा पुन्हा बुजवायचा. 1990च्या दशकाच्या अखेरीस नामिबियाच्या ओमाहेके भागात खणणाऱ्यांचे गट बांधून, या पद्धतीने काढलेल्या मालाला बरा भाव मिळवून देण्याचे काम सुरू झाले.

सान लोकांचा धडा दुसऱ्या एका वनस्पतीने अधिक कडू केला. हूडिया नावाचे निवडुंगासारखे झाड ते शिकारीच्या वाटेवर भूक मारण्यासाठी चघळत. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने त्यातल्या द्रव्याचे पेटंट घेतले ते सान लोकांना न विचारता. बराच गाजावाजा झाल्यावर 2003 मध्ये करार झाला आणि संस्थेला मिळणाऱ्या स्वामित्वधनातला 6 टक्के वाटा त्यांना देण्याचे ठरले. पुढे मोठ्या कंपन्या त्यातून बाहेर पडल्या आणि अपेक्षित पैसा काही आला नाही. 2017 मध्ये सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, आस्था आणि रीतसर परवानगीची प्रक्रिया ही तिची कलमे.

आपल्याकडे 2006च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर वनवासी समूहांचा हक्क मान्य केला आहे. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवही कपाटात असते, पण वैदूंना तिच्यात काय लिहिले आहे हे माहीत नसते, असे मी पाहिले आहे. पाड्यावरची एक वैदू आजी मला म्हणाली होती, "पाला दाखवीन बाई, पण कुठे उगवतो ते नाही सांगायची. मागच्या वेळी सांगितलं, तर पोती भरून नेलं." तिचे म्हणणे मला पटले.

म्हणून "तपासून का घेत नाही" याचे माझे उत्तर असे आहे. एखादा प्रामाणिक संशोधक आला, तर आधी ग्रामसभेत त्याने आपल्या भाषेत सांगावे की काय नेणार, काय तपासणार, निकाल कोणाला देणार आणि पुढे पैसा झाला तर गावाला काय. ते कागदावर यावे. तोवर आम्ही कोणाला मुळ्या गोळा करून देत नाही. आणि कुणाचा काढा बंद करा असेही सांगत नाही. फक्त रुग्ण काय घेतो ते डॉक्टरांना कळवतो.

आपल्यापैकी काहींनी पाड्यांसाठी भुकटीचे डबे पाठवण्याची तयारी दाखवली आहे. प्रेम पोहोचले, पण डबे नकोत. तेवढ्या रकमेत सांधेदुखीच्या एका रुग्णाला ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेता-आणता येते. घरी असा डबा आधीच आला असेल तर त्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि प्रमाण छापले आहे का ते पाहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अल्सर असेल किंवा घरात गरोदर स्त्री असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तो उघडू नका.