घरगुती ध्वनिमुद्रण : इंटरफेसची निवड

सन १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें ग्रामोफोनच्या तबकडीसाठीं मुद्रित झालें, तेव्हां त्या कामांत मायक्रोफोनचा प्रवेश झालेला नव्हता. मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून गावयाचें, कर्ण्याच्या अरुंद टोकाशीं असलेला पडदा कंप पावावयाचा आणि त्यास जोडलेल्या सुईनें मेणावर रेघ उमटवावयाची, असा तो प्रकार होता. अवघ्या तीनएक मिनिटांच्या गाण्यासाठीं सर्व सरंजाम समुद्र ओलांडून आणावा लागला होता. आज तेंच काम मध्यम स्थितींतील कुटुंबासहि आपल्या घरांतील एका खोलींत करतां येतें.

आणि तें करण्यास कारणहि आहे. आजीच्या ओव्या, मंगळागौरीचीं गाणीं, आजोबांनीं तरुणपणीं शिकलेल्या चिजा, हीं सर्व बहुधा कागदावर नसतात. तीं गळ्यांत असतात आणि गळ्याबरोबरच जातात. हेमा राईरकर व गी पॉयट्वाँ यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. पण प्रत्येक घराच्या दारीं असा संग्राहक येईलच असें नाहीं. तें कार्य घरच्या मंडळींनींच करावयाचें असतें. त्यासाठीं संगणक व मायक्रोफोन यांच्या जोडीला जी तिसरी वस्तु लागते, ती म्हणजे ऑडिओ इंटरफेस. तिची निवड कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही पेटी करते तरी काय? आवाज हवेंतील लाटांच्या रूपानें येतो. मायक्रोफोन त्या लाटांची वीज करतो. परंतु ही वीज व्होल्टच्या सहस्रांशाच्या हिशेबांत मोजावी इतकी दुबळी असते. इंटरफेस प्रथम ती वाढवितो, नंतर सेकंदास हजारों वेळां तिचें माप घेतो आणि मापांचे ते आंकडे संगणकाच्या हवालीं करतो. उलट दिशेनें, संगणकांतील आंकड्यांचा पुन्हां आवाज करून तो हेडफोनकडे पाठवितो.

दुकानांत गेलेल्या गिऱ्हाइकास बहुधा मापांचे आंकडे प्रथम दाखविले जातात. अमुक पेटी सेकंदास १,९२,००० मापें घेते, असें ऐकून तें भारावून जातें. वस्तुतः मनुष्याचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि ज्या कंपनांची नोंद घ्यावयाची त्यांच्या दुपटीहून थोडीं अधिक मापें घेतलीं म्हणजे काम भागतें, असें शास्त्र सांगतें. म्हणूनच १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीसाठीं ४४,१०० हा आंकडा पुरेसा मानला गेला. घरगुती मुद्रणास ४८,००० मापें आणि २४ बिट ही योजना उत्तम होय. साध्या पेट्यांतहि ती बहुधा असते. सबब या आंकड्यांसाठीं जादा पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

खरी परीक्षा वीज वाढविण्याच्या पहिल्या पायरीवर होते. हलत्या गुंडाळीचा, ज्यास डायनॅमिक म्हणतात तो मायक्रोफोन फार थोडी वीज देतो. कंडेन्सर मायक्रोफोन सामान्यतः त्याच्या सुमारें दहापट देतो, परंतु त्यास चालण्यासाठीं बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा इंटरफेसकडून व्हावा लागतो. वृद्ध व्यक्तीचा क्षीण आवाज डायनॅमिक मायक्रोफोनवर घ्यावयाचा असेल, तर वाढ, म्हणजे गेन, ६० डेसिबलपर्यंत, अर्थात् सुमारें हजारपट, मिळाली पाहिजे. आणि ती मिळतांना पेटीची स्वतःची सरसर आवाजांत मिसळतां कामा नये. माहितीपत्रकांत ही सरसर ई.आय.एन. या नांवानें दिलेली असते. उणें १२८ च्या आसपासचा आंकडा चांगला समजावा.

दुसरा प्रश्न तोंडांचा. फोकसराइट कंपनीच्या, २०११ सालीं निघालेल्या स्कार्लेट टू-आय-टू या पेटीचें नांवच सांगतें कीं, आवाज आंत येण्याच्या वाटा दोन व बाहेर जाण्याच्या दोन. परंतु मोठ्या आंकड्यानें फसूं नये. त्याच मालिकेच्या तिसऱ्या पिढींतील एटीन-आय-एट या पेटींत आंत येणाऱ्या वाटा अठरा असल्या, तरी मायक्रोफोनसाठीं तोंडें चारच आहेत. एकट्या ओवीस एक तोंड पुरे. गळा व पेटी यांस दोन. तबल्यास दायां-बायां वेगळे मुद्रित करावयाचे असल्यास आणखी दोन. घरांत प्रत्यक्ष काय गाइलें-वाजविलें जाणार, तें आधीं ठरवावें आणि मग तोंडें मोजावींत.

तिसरी गोष्ट विलंबाची. संगणक मापें एकेक न घेतां राशीनें घेतो. १०२४ मापांची रास असली, तर ४८,००० च्या वेगानें ती भरण्यासच सुमारें २१ मिलिसेकंद लागतात. हवेंतून आवाज तितक्या वेळांत सात मीटर जातो. म्हणजे गाणारीस आपलाच आवाज सात मीटरांवरून यावा तसा ऐकूं येतो, आणि संगणकांतून परत येतांना लागणारा वेळ निराळाच. अशा स्थितींत लय सुटते. यास्तव आंत आलेला आवाज संगणकास वळसा न घालतां सरळ हेडफोनला देणारी डायरेक्ट मॉनिटरची सोय पेटींत अवश्य असावी. तसेंच घरचा संगणक कोणता व किती जुना आहे, आणि त्यासाठीं पेटीच्या कर्त्यानें आज्ञावली दिली आहे कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

एवढें पाहून आणलेली पेटीहि अजाण हातीं फसवूं शकते. गेनचें बटण फार वर ठेवलें, तर अंतऱ्यांत आवाज चढतांच लाटेचीं टोकें कापलीं जातात आणि फाटलेला आवाज मूळ रूपांत परत आणतां येत नाहीं. आजी पुन्हां तशी गाईल, याची शाश्वती कोणी द्यावी? म्हणून तिला प्रथम मोकळ्या गळ्यानें एक कडवें गावयास सांगावें आणि सर्वांत चढा स्वर कमाल मर्यादेच्या बारा डेसिबल खालीं राहील, असें बटण लावावें. २४ बिटांत खालीं पुष्कळ जागा असते. ती राखण्यांत कांहीं नुकसान नाहीं.

खोलीचाहि विचार हवा. फिरता पंखा, कुकरची शिटी, रस्त्यावरचा भाजीवाला यांस कोणतीहि महाग पेटी दाराबाहेर ठेवूं शकत नाहीं. दुपारची निवांत वेळ साधावी, भिंतींशीं गाद्या उभ्या कराव्या आणि मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित् बाजूस ठेवावा. पेटीवर वांचविलेले पैसे बऱ्या मायक्रोफोनवर व त्याच्या पक्क्या घोडीवर खर्चणें अधिक फलदायी ठरतें.

एका मायक्रोफोनचें असें तासाभराचें मुद्रण सुमारें अर्धा गिगाबाइट जागा घेतें. तें वेव्ह या न दाबलेल्या स्वरूपांत ठेवावें, दोन निरनिराळ्या ठिकाणीं त्याच्या प्रती कराव्या, आणि आरंभीं गाणारीचें नांव, गांव व तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्यावी. पुढें नातवंडांनीं तें उघडलें म्हणजे कोण गात आहे, हें त्यांस दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.