एका अक्षरासाठी अडलेला भविष्य निर्वाह निधी

कारखाना असो, सहकारी सूतगिरणी असो की खासगी रुग्णालय असो, तेथील कामगाराच्या वेतनातून दरमहा एक रक्कम कापली जाते आणि ती भविष्य निर्वाह निधीत जमा होते. १९५२ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत सर्वसाधारणपणे कामगाराचा वाटा १२ टक्के आणि सेवायोजकाचाही तितकाच असतो. सेवायोजकाच्या वाट्यापैकी ८.३३ टक्के इतकी रक्कम, वेतनाच्या ठराविक मर्यादेपर्यंत, निवृत्तिवेतनासाठी वळती होते. मुलीचे लग्न, घराचे बांधकाम, आजारपण किंवा नोकरीचा शेवट अशा प्रसंगी कष्टकरी कुटुंबाला खरा आधार असतो तो याच पैशाचा. आता ही रक्कम मिळविण्याचा अर्ज संगणकावर किंवा मोबाइलवर भरावयाचा असतो. तो नामंजूर झाल्याचा संदेश येतो, तेव्हा पैसे बुडाले असेच अनेकांना वाटते. वास्तविक पैसे सुरक्षित असतात. बहुधा अडलेले असते ते एक अक्षर, किंवा एखादी तारीख.

पूर्वी हा अर्ज कागदावर असे. कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून तो निधी कार्यालयात जाई आणि तेथील कारकून तो वाचून पाही. नावात किरकोळ फरक दिसला, तरी माणूस तोच आहे हे अनुभवी कारकुनाच्या ध्यानात येत असे. विलंब मात्र भरपूर होई आणि हेलपाटेही घालावे लागत. आजची यंत्रणा वेगवान आहे, परंतु ती अर्ज वाचत नाही, फक्त जुळवून पाहते. निधीच्या नोंदीतील नाव, आधार क्रमांकावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहिली जातात. जेथे जुळत नाहीत तेथे अर्ज थांबतो. म्हणून दोष अर्ज भरण्यात आहे असे समजून तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरण्यात अर्थ नाही. मूळ नोंद सुधारली पाहिजे.

मराठी नाव, इंग्रजी नोंद

या नोंदी इंग्रजी लिपीत ठेवल्या जातात आणि मराठी नावांची खरी अडचण तेथेच सुरू होते. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. त्यातील ‘ज्ञ’ कोणी ‘डी-एन-वाय’ असा लिहितो, कोणी ‘जी-वाय’ असा, तर कोणी ‘जे-एन’ असा. चौधरी या आडनावात ‘ए-यू’ लिहावे की ‘ओ-यू’, शेवटी ‘आय’ असावा की ‘वाय’, यावर एकाच घरातील दोन भावांचे एकमत नसते. भरतीच्या वेळी टाइम ऑफिसातील लिपिकाने ऐकले तसे लिहिले, आधार केंद्रावरील चालकाने त्याच्या समजुतीप्रमाणे लिहिले आणि बँकेने तिसऱ्याच प्रकारे. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तथापि वीस वर्षांनंतर त्याची किंमत कामगाराला मोजावी लागते.

नावाच्या क्रमाचेही तसेच आहे. आपल्याकडे हजेरीपटावर आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. काही नोंदींत मधले नाव गाळलेले असते, काहींत केवळ आद्याक्षर असते.

सर्वांत अधिक त्रास होतो तो विवाहित स्त्रियांना. निधीचे खाते माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि बँकेचे खाते यांपैकी कोणत्या तरी एका नावाने, अशी स्थिती सर्रास आढळते. अशा वेळी कोणते नाव कायम ठेवावयाचे हे आधी ठरवावे. ते आधारवर आणावे, नंतर बँकेत आणि शेवटी निधीच्या नोंदीत. हा क्रम उलटा केल्यास तेच काम दोनदा करावे लागते. आधारवरील नाव दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, ही मर्यादाही लक्षात ठेवणे इष्ट आहे.

जन्मतारीख

महाराष्ट्रातील एका विशिष्ट पिढीतील असंख्य लोक १ जून रोजी जन्मले, असे कागदपत्रांवरून दिसते! शाळेत नाव घालताना नेमकी तारीख पालकांना सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई आणि गुरुजी सोयीची तारीख लिहून मोकळे होत. ती तारीख खरी आहे की नाही हा आता मुद्दा नाही. ती सर्वत्र एकच असणे महत्त्वाचे आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून, आधारवर केवळ जन्मवर्ष सांगितल्यामुळे १ जानेवारी आणि कारखान्याच्या नोंदीत तिसरीच तारीख असेल, तर निवृत्तिवेतनाचे वय कधी पूर्ण झाले हाच प्रश्न उभा राहतो. हे वय ५८ वर्षांचे आहे आणि त्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. जानेवारी २०२४ मध्ये निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळले. त्यामुळे जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवण्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

दुरुस्ती कशी होते

२०१४ पासून प्रत्येक सभासदाला बारा अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, देण्यात येतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. नव्या ठिकाणी रुजू होताना हा क्रमांक न सांगितल्यास दुसरा क्रमांक पडतो आणि जुन्या नोकरीची रक्कम व सेवेची वर्षे मागेच राहतात. दहा वर्षांची अट ज्यांची थोडक्यात हुकते, त्यांच्यापैकी काहींची सेवा अशी दोन क्रमांकांत विभागलेली असते. ती एकत्र करण्यासाठी जुन्या खात्याचे हस्तांतर करून घ्यावे लागते.

नाव, जन्मतारीख, लिंग, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, नोकरी लागल्याची व सुटल्याची तारीख अशा तपशिलांच्या दुरुस्तीसाठी ‘संयुक्त घोषणापत्र’ भरतात. जानेवारी २०२५ पासून ही पद्धत सुलभ करण्यात आली आहे. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारच्या आधारे मिळालेला आहे, त्यांना यांतील बहुतेक दुरुस्त्या सेवायोजकाच्या संमतीवाचून स्वतःच करता येतात. त्याआधीच्या सभासदांचा अर्ज मात्र सेवायोजकाच्या मान्यतेसाठी जातो.

अर्ज रेंगाळतो तो नेमका येथे. ‘अर्ज सादर झाला’ असा संदेश आला की काम झाले असे कामगार समजतो. प्रत्यक्षात तो अर्ज सेवायोजकाच्या खात्यात मान्यतेची वाट पाहत पडून असतो. कधी तो कोणी पाहिलेलाच नसतो, तर कधी अधिकृत अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपलेली असते. म्हणून अर्ज केल्यावर आठवड्याभरात टाइम ऑफिसात जाऊन चौकशी करावी आणि संकेतस्थळावर त्याची स्थिती पाहावी. हेलपाटा संपूर्ण टळला, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

नोकरी सुटल्याची तारीख हा आणखी एक नेहमीचा अडथळा. जुन्या सेवायोजकाने ती नोंदविलेली नसेल तर अंतिम रकमेचा अर्ज पुढेच जात नाही. नोकरी सुटून दोन महिने झाल्यावर ही तारीख सभासदाला स्वतः नोंदविता येते, ही सोय २०२० पासून आहे. परंतु ती ठाऊक नसल्याने कित्येकजण जुन्या मालकाच्या दारात उभे राहतात. शेवटची वर्गणी ज्या महिन्याची जमा झाली त्याच महिन्यातील तारीख नोंदवावी लागते. धनादेशाचे किंवा बँक पुस्तिकेचे छायाचित्र अर्जासोबत जोडण्याची अटही एप्रिल २०२५ मध्ये काढून टाकण्यात आली. अस्पष्ट छायाचित्रामुळे पूर्वी अनेक अर्ज परत येत.

ओटीपी न येणे ही तक्रार सर्रास ऐकू येते. तिचे कारण बहुतेक वेळा साधे असते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना असतो आणि ते सिमकार्ड कधीच बंद झालेले असते.

नामनिर्देशन

सभासदाचे निधन झाल्यास निधीची रक्कम, कुटुंबाचे निवृत्तिवेतन आणि ठेवसंलग्न विम्याची रक्कम वारसांना मिळते. विम्याची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे. या सर्वांचा मार्ग नामनिर्देशनाने सोपा होतो. लग्नापूर्वी आईवडिलांच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर निधीच्या बाबतीत रद्द ठरते आणि नव्याने करावे लागते, हे फार थोड्यांना माहीत असते. इलेक्ट्रॉनिक नामनिर्देशनात आणखी एक गफलत होते. कुटुंबाची माहिती भरली जाते, वाटे ठरविले जातात, माहिती जतनही होते. पण शेवटची ‘ई-स्वाक्षरी’ राहून जाते. आधारच्या ओटीपीने ती केल्याशिवाय नामनिर्देशन अपुरे राहते. हा अपुरेपणा सभासदाच्या पश्चात उघडकीस येतो, आणि तेव्हा वारसा सिद्ध करण्याची कागदपत्रे जमविण्याचे ओझे दुःखात असलेल्या पत्नीवर पडते.

कारखानाच बंद पडला तर

महाराष्ट्रातील अनेक औद्योगिक वसाहतींत असे कारखाने आहेत, ज्यांना आज कुलूप आहे आणि ज्यांचे मालक सापडत नाहीत. तेथील कामगारांच्या अर्जाला मान्यता देणार कोण? अशा सभासदांना संयुक्त घोषणापत्र कागदावर भरून, प्राधिकृत व्यक्तीकडून साक्षांकित करून, क्षेत्रीय कार्यालयात देता येते. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे निधी संघटनेची कार्यालये आहेत. जुनी वेतनचिठ्ठी, नेमणुकीचे पत्र, कारखान्याचे ओळखपत्र असे जे असेल ते सोबत न्यावे. पिवळा पडलेला एखादा कागदही सेवेचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

नोकरीत असलेल्यांनी दोन-तीन महिन्यांतून एकदा खात्याचे पासबुक संगणकावर किंवा ‘उमंग’ या मोबाइल सुविधेतून पाहावे. सेवायोजकाने एका महिन्याची वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाची असते. वेतनातून कपात होऊनही ती खात्यात दिसत नसल्यास लगेच विचारणा करावी. नोंदलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास शिल्लक रकमेचा संदेश येतो. त्यास खर्च नाही. यूएएन कार्यान्वित केलेला असणे मात्र आवश्यक आहे. ज्यांना संगणक हाताळणे जमत नाही, त्यांच्यासाठी ‘निधी आपके निकट’ या उपक्रमाखाली जिल्ह्याजिल्ह्यांत दर महिन्याच्या २७ तारखेला शिबिरे भरविली जातात. तेथे जाताना आधारपत्र, बँकेचे पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारशी जोडलेला मोबाइल, चार्ज केलेल्या स्थितीत, सोबत असावा.