उपकरण-चालकांचे जुन्या गाभ्याशी अनुकूलन

उपकरण-चालकांचे जुन्या गाभ्याशी अनुकूलन : (बॅकपोर्टिंग). प्रचालन प्रणालीच्या नव्या आवृत्तीसाठी लिहिलेला उपकरण-चालक (ड्रायव्हर) त्याच प्रणालीच्या जुन्या गाभ्यावर (कर्नलवर) चालावा, म्हणून त्यात आवश्यक ते फेरफार करण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा आहे. स्मृतीची वाटणी, कार्यक्रमांची पाळी आणि उपकरणांशी होणारी देवाणघेवाण ही कामे गाभा करतो. जाळ्याचे कार्ड, मुद्रक, साठवण-तबकडी इ. प्रत्येक उपकरणाची रीत वेगळी असल्याने गाभा व उपकरण यांच्यामध्ये चालक हा दुभाष्याचे काम करतो.

स्वरूप : चालकास दोन बाजू असतात. एक बाजू उपकरणाकडे असते. तीत उपकरणातील नोंदकांत (रजिस्टरांत) कोणती मूल्ये केव्हा भरावयाची, याचे ज्ञान असते. दुसरी बाजू गाभ्याकडे असते. तीत स्मृती मागणे, कालमापक लावणे, व्यत्ययाची (इंटरप्टची) दखल घेणे यांसाठी गाभ्याने पुरविलेल्या फलनांना आवाहन केलेले असते. गाभा जुना असला, तरी पहिली बाजू बदलत नाही. कारण उपकरण तेच असते. बदल करावा लागतो तो दुसऱ्या बाजूत.

मराठवाड्यातील रेल्वेच्या इतिहासावरून हे सहज समजते. लातूर हे बार्शी लाइट रेल्वेच्या ७६२ मिमी. रुंदीच्या अरुंद मापी मार्गाने कुर्डुवाडीस जोडलेले होते आणि तेथे माल रुंद मापी गाडीत हलवावा लागे. नांदेडवरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मार्ग मीटर मापी होता. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर न्यावयाचा, तर डब्याचा सांगाडा ठेवून खालचा चाकांचा गाडा बदलावा लागतो. चालकाचे अनुकूलन हे असेच गाडा बदलण्याचे काम होय. मात्र येथे रुळांचे माप दर दोनतीन महिन्यांनी थोडे थोडे बदलत असते.

गरज : लायनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स गाभ्याची नवी आवृत्ती साधारणतः दर नऊ-दहा आठवड्यांनी प्रसिद्ध होते आणि नव्या उपकरणांचे चालक नव्या आवृत्तीतच समाविष्ट होतात. याउलट कार्यालये, रुग्णालये, कारखाने व प्रयोगशाळा एकच आवृत्ती अनेक वर्षे वापरतात. उदा., रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची सातवी आवृत्ती (२०१४) ३.१० या गाभ्यावर आधारलेली होती व तिची नियमित देखभाल जून २०२४ पर्यंत चालली. त्या काळात बाजारात आलेली बरीच यंत्रसामग्री त्या गाभ्यावर चालविण्यासाठी कंपनीच्या अभियंत्यांनी असंख्य चालक मागे आणले. या कंपनीचे एक मोठे अभियांत्रिकी केंद्र पुणे येथे आहे.

हा प्रश्न लिनक्सपुरता नाही. विंडोज ७ (२००९) मध्ये एनव्हीएमई प्रकारच्या साठवण-साधनांसाठी चालक नव्हता. तो पुढील आवृत्त्यांत आला आणि मायक्रोसॉफ्टने नंतर तो विंडोज ७ साठीही उपलब्ध करून दिला. तथापि विंडोजमध्ये चालक व गाभा यांमधील जोडणी दीर्घकाळ स्थिर ठेवण्याचे धोरण असल्याने अशा अडचणी तुलनेने कमी येतात. लिनक्सच्या विकासकांनी अंतर्गत जोडणी स्थिर ठेवण्यास जाणीवपूर्वक नकार दिला आहे. सदोष जोडणी सुधारण्याची मोकळीक राहावी आणि चालक मूळ गाभ्यातच समाविष्ट व्हावेत, अशी त्यांची भूमिका आहे. मूळ गाभ्यात असलेला चालक जोडणी बदलणाराच दुरुस्त करतो. बाहेर राहिलेल्या चालकाचा भार मात्र त्याच्या मालकावर पडतो.

कार्यपद्धती : समजा, लातूर येथील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका मापन-उपकरणास जोडलेला संगणक ४.४ या गाभ्यावर (जानेवारी २०१६) चालत आहे. उपकरणाच्या उत्पादकाने दिलेला चालक संकलित (बायनरी) रूपात असून तो याच गाभ्यासाठी आहे. त्याची मूळ संहिता उपलब्ध नाही. म्हणून गाभा बदलला, तर मापन-उपकरण निरुपयोगी ठरेल. अशा वेळी जाळ्याचे कार्ड बिघडले आणि त्याच्या जागी इंटेल आय२२५ जातीचे कार्ड बसविले, तर त्याचा ‘आयजीसी’ हा चालक ४.२० आवृत्तीपासूनच (डिसेंबर २०१८) मिळतो, असे आढळते. तो ४.४ वर आणणे हाच येथे एक मार्ग उरतो.

प्रथम चालकाची संहिता जुन्या गाभ्याच्या शीर्षक-संचिकांच्या साहाय्याने संकलित करून पाहतात. येणाऱ्या त्रुटी हीच कामाची पहिली यादी होय. या उदाहरणात निदान दोन गोष्टी आढळतील. (१) कालमापक : नव्या पद्धतीत कालमापकाची मुदत संपल्यावर बोलावल्या जाणाऱ्या फलनास त्या कालमापकाचाच पत्ता मिळतो, जुन्या पद्धतीत एक पूर्णांक मिळत असे. ४.१५ मध्ये (जानेवारी २०१८) जुनी पद्धत काढून टाकण्यात आली. त्यामुळे हे फलन जुन्या रीतीने लिहावे लागते. (२) संदेश-खंडाची कमाल लांबी : ४.१० पासून (फेब्रुवारी २०१७) ही मर्यादा चालकाने केवळ नोंदवावयाची व तपासणी गाभ्याने करावयाची, अशी व्यवस्था आहे. ४.४ मध्ये ती तपासणी चालकातच लिहावी लागते. संकलनातील त्रुटी घालविण्यासाठी मर्यादेची नोंद केवळ गाळली व तपासणी लिहिली नाही, तर संकलन यशस्वी होऊनही अयोग्य लांबी स्वीकारली जाण्याचा धोका राहतो.

असे फेरफार चालकात जागोजागी न करता एका वेगळ्या अनुकूलन-स्तरात गोळा करणे श्रेयस्कर असते. नव्या गाभ्यातील फलनांच्या नावांची पर्यायी फलने त्या स्तरात लिहितात. त्यामुळे मूळ चालक जवळजवळ अबाधित राहतो व पुढील दुरुस्त्या त्यात सहज आणता येतात. ‘बॅकपोर्ट्स’ हा प्रकल्प याच तत्त्वावर उभा असून तो प्रारंभी बिनतारी जाळ्यांच्या चालकांपुरता होता. एकाच प्रकारचा बदल अनेक ठिकाणी करण्यासाठी त्यात ‘कॉक्सिनेल’ हे साधन वापरतात. गाभ्याची किरकोळ सुधारणा झाल्यावर चालक आपोआप पुन्हा संकलित व्हावा, यासाठी डेल कंपनीने विकसित केलेली ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था उपयोगी पडते.

कोणत्या गाभ्यावर कोणती रीत वापरावयाची, हे आवृत्ती-क्रमांकावरून ठरविणे सोपे वाटते. पण ते फसवे आहे. व्यापारी वितरणांच्या गाभ्याचा क्रमांक जुना असला, तरी त्यात नव्या आवृत्त्यांतील अनेक भाग आणलेले असतात. म्हणून क्रमांकाऐवजी विशिष्ट फलन वा घटक प्रत्यक्ष उपलब्ध आहे काय, हे तपासणे अधिक विश्वसनीय ठरते.

धोके व मर्यादा : चालक गाभ्याच्या सर्वाधिकारी अवस्थेत चालतो. सामान्य कार्यक्रम चुकला तर तो एकटाच बंद पडतो; चालक चुकला तर सारा संगणक थांबू शकतो किंवा तबकडीवरील माहिती नकळत बिघडते. एखाद्या फलनाचे नाव तेच राहून त्याचा अर्थ बदललेला असेल, उदा., ते बोलावताना कुलूप आधी घेतलेले असावे की नसावे याविषयीचा संकेत, तर संकलक तक्रार करीत नाही. म्हणून भार देऊन, तार काढून-जोडून, संगणक निद्रावस्थेत नेऊन व परत आणून दीर्घकाळ चाचणी घेणे अपरिहार्य असते. काही उपकरणांना चालकाबरोबर उपकरणात भरावयाची आज्ञावलीही (फर्मवेअर) लागते. ती जुन्या वितरणात नसते.

सर्वांत गंभीर मर्यादा सुरक्षिततेची आहे. मागे आणलेला चालक ही मूळ चालकाची एक प्रत असते. मूळ चालकात आढळलेला दोष दुरुस्त झाला, तरी प्रतीत ती दुरुस्ती आपोआप येत नाही. जुन्या गाभ्याचीच देखभाल संपलेली असेल, तर नवे कार्ड चालू झाल्याने असुरक्षित संगणक जाळ्यास जोडला जातो, एवढेच साध्य होते. म्हणून वरील उदाहरणातील संगणक महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यापुरता मर्यादित ठेवणे इष्ट ठरेल. वीज-केंद्रे, रेल्वे अशा दीर्घायुषी व्यवस्थांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ या प्रकल्पाने ४.४ सारखे निवडक गाभे किमान दहा वर्षे सांभाळण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते याच कारणाने.

पर्याय : अनुकूलनापूर्वी तीन गोष्टींचा विचार करतात : जुन्या गाभ्यास माहीत असलेले उपकरण बाजारात मिळते काय, गाभा बदलणे शक्य आहे काय, आणि जुनी प्रणाली नव्या प्रणालीच्या आत आभासी संगणकात चालविता येईल काय. पहिला पर्याय पुष्कळदा सर्वांत स्वस्त पडतो. हे तिन्ही मार्ग बंद असतील, तरच चालक मागे आणणे योग्य होय.

संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रचालन प्रणाली हा विषय असतो. नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९८१) व लातूरमधील अभियांत्रिकी महाविद्यालये यांसारख्या ठिकाणी हे कौशल्य प्रयोगरूपाने शिकविता येण्याजोगे आहे. त्यासाठी लिनक्सची संपूर्ण संहिता खुली आहे. महाग उपकरण केवळ त्याच्या शेजारच्या संगणकामुळे टाकून द्यावे लागू नये, हा या विद्येचा मुख्य व्यावहारिक लाभ होय. आणि चालकाची मूळ संहिता विकत घेतानाच मागून ठेवावी, हा तिच्यापासून मिळणारा धडा होय.