धनुष्याच्या टोकांचे उलटे वळण

चैत्र पौर्णिमेला हैदराबादेतील गौलीगुड्याच्या राममंदिरातून हनुमान जयंतीची मिरवणूक निघते आणि सिकंदराबादेतील ताडबनच्या हनुमान मंदिराकडे जाते. ज्या रामाच्या भक्तीचा हा सोहळा, त्याच्या तसबिरींत धनुष्याची टोके पुष्कळदा पुढे, म्हणजे धनुर्धरापासून दूर वळलेली दिसतात. हे वळण केवळ शोभेचे नव्हे. साधे धनुष्य ओढताना टोकाशी दोरीचा कोन झपाट्याने वाढतो आणि शेवटच्या काही इंचांत ओढ एकदम जड होते. टोके पुढे वळलेली असली, की दोरी आरंभी त्यांवर टेकून असते, ओढ वाढेल तशी ती सुटत जाते आणि टोक तरफेसारखे काम करू लागते; त्यामुळे आरंभीच अधिक ऊर्जा साठते आणि अखेरची ओढ त्या मानाने सुसह्य राहते.

एकाच लाकडात हे वळण आणणे हा हाताने धनुष्य घडवण्यातला सर्वांत नाजूक टप्पा होय. त्यासाठी लाकूड सरळ रेषेचे आणि बिनगाठीचे हवे. सह्याद्रीतील धामण तिच्या लवचिकपणामुळे धनुष्यांसाठी आणि अवजारांच्या दांड्यांसाठी पूर्वापार वापरात आहे. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य ओलाव्याच्या सोबतीने सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणून टोक उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरतात. एक इंच जाडीला एक तास हा रूढ अंदाज असल्याने अर्ध्या इंचाच्या टोकाला अर्धा तास लागतो. भट्टीत कडक वाळवलेले लाकूड मात्र सहसा दाद देत नाही.

खरा धोका यापुढे असतो. मऊ झालेले लाकूड दाबाखाली बरेच आखडते, पण ताणले असता एक-दोन टक्क्यांपलीकडे क्वचितच वाढते, आणि टोक पुढे वळवताना ताण येतो तो धनुष्याच्या पोटावर, म्हणजे धनुर्धराकडील बाजूवर. तेथे तंतू तिरपे कापले गेले असतील, तर त्यांची चिरफळी उठते आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून अनुभवी कारागीर त्या बाजूला पातळ पोलादी पट्टी लावून, टोक लाकडी साच्यावर घट्ट दाबत वळवतो. वाफेतून काढल्यावर लाकूड भराभर निवते, त्यामुळे साचा आणि शिकंजे आधीच मांडून ठेवावे लागतात. वळण हवे त्याहून किंचित जास्त दिले जाते, कारण साच्यातून सुटल्यावर ते थोडे उघडतेच. टोक पूर्ण वाळेपर्यंत साच्यातच राहू द्यावे, त्यात घाई परवडत नाही.

टोके आरंभी रुंद ठेवण्यामागेही विचार असतो. वळवताना एखादे टोक बाजूला कलले, तर दोरी मधोमध न बसता घसरते आणि धनुष्य पिळवटते. रुंदी शिल्लक असली, की दोरी लावून मध्यरेषा पाहता येते आणि मग कानशीने टोक निमुळते करून खाच पाडता येते. जड टोक बाणाचा वेग खाते, म्हणून येथील प्रत्येक अनावश्यक गुंज काढावी लागते. शेवटी तेलाचा किंवा लाखेचा थर देतात, कारण पावसाळ्यात लाकूड दमट हवेतले पाणी शोषते आणि वळण हळूहळू उघडू लागते.