थंडी, गर्दी आणि अंगावरचं बाळ

नोव्हेंबर संपत आला की वस्तीत एकच विचारणा सुरू होते : यंदा दादरला कोण कोण निघालं? ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगावचा जयस्तंभ, १४ जानेवारीला आपल्याच शहरात विद्यापीठाचं गेट. चाळीस दिवसांतली ही तीन अभिवादनं ऐन थंडीत येतात. शाळेला सुटी असो-नसो, घरातलं लहानमोठं सगळं निघतं. त्यात ज्या घरात नुकतीच बाळंतीण उठली आहे, तिथला प्रश्न आम्हाला दरवर्षी येतो : बाळ सव्वा महिन्याचं आहे, न्यावं का?

आमचं उत्तर सरळ आहे. दोन महिने पूर्ण झाले नसतील तर दादरला किंवा कोरेगावला नेऊ नका. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर दोन महिन्यांनंतरही डॉक्टरांना विचारूनच निघा. इतक्या लहान जिवाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. डोकं मोठं, अंगावर चरबी कमी, त्यामुळे थंड हवेत ते आपल्यापेक्षा फार लवकर गार पडतं. शिवाय पेंटा, न्यूमोनिया आणि रोटाच्या लसींचा पहिला डोस दीड महिन्याला असतो. गोवरची लस तर नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तोवर लाखोंच्या गर्दीतला खोकला बाळाला महागात पडू शकतो.

यावर बायका म्हणतात, बाळ अंगावर पितं, म्हणजे आईनंच घरी बसायचं. दरवेळी बाईनंच का? तक्रार रास्त आहे. म्हणून आम्ही म्हणतो, त्या वर्षी बापानंही थांबावं. सकाळी ऊन वर आल्यावर तिघांनी मिळून भडकल गेटच्या पुतळ्याला किंवा वस्तीतल्या विहारात जाऊन अभिवादन करावं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब बोलले होते. रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरं लहानपणीच गेली, राजरत्न १९२६ साली. लेकरू जपण्यासाठी एक वर्ष दादर चुकलं, तर त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही.

आता दोन महिन्यांपुढच्या, धडधाकट बाळांचं. आपल्याकडून मुंबईची गाडी बहुतेक जण रात्रीची धरतात. मनमाड, नाशिक, इगतपुरी हा पट्टा पहाटेच्या आत लागतो आणि घाटात खिडकीतून बोचरा वारा येतो. पण सकाळी दादरला उतरलं की हवा दमट आणि उबदार. घरून कानटोपी, दोन स्वेटर, मोजे आणि वर गोधडी असं बांधून आणलेलं बाळ मग शिवाजी पार्कवर उन्हात घामाघूम होतं, किरकिरतं, आणि आपण म्हणतो नजर लागली. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर घाला, म्हणजे एकेक काढता येतो. मोठ्या माणसाच्या अंगात जितके कपडे, त्याहून बाळाला एक थर जास्त. तळपाय आणि पोट हाताच्या मागच्या बाजूनं चाचपा. पाय गार पण पोट कोमट, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच जवळ घ्या. पाय आणि पोट दोन्ही गार, तर हा धोका आहे. अंगाशी धरूनच डॉक्टर गाठा.

सगळ्यात चांगली ऊब आईच्या किंवा बापाच्या अंगाची. फक्त लंगोट-टोपीतलं बाळ उघड्या छातीशी धरायचं आणि वरून शाल घ्यायची. कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू केली, आज ती आपल्या सरकारी दवाखान्यांतही शिकवतात. जपानमध्ये कडक थंडीत आया पूर्वी बाळ पाठीशी बांधत आणि दोघांवर मिळून एकच कापूस भरलेला अंगरखा घालत. पाठीशी बांधायचं ते मान धरल्यावरच. आणि पदर असो की शाल, बाळाचं नाकतोंड झाकू नका, हनुवटी छातीवर दबू देऊ नका. जनरल डब्यात हीच भीती जास्त असते. रात्री एकानं जागं राहायचं, पाळीपाळीनं.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पाणी, घुटी, मध, काहीच नको, दूध पुरतं. बाटली तर नकोच, प्रवासात ती धुणार कुठं? वरच्या दुधाची गरज पडलीच तर वाटी-चमचा. शिवाजी पार्कवर महापालिकेचा दवाखाना असतो, तो कुठं आहे ते पोचल्याबरोबर बघून ठेवा. दूध पाजायला हिरकणी कक्ष विचारा. दर्शनाच्या रांगेत तासन् तास बाळ घेऊन उभं राहण्यापेक्षा घरातल्यांनी पाळी लावा.

कोरेगावला आपले लोक ३१ डिसेंबरच्या रात्री टेम्पोनं निघतात. उघड्या टेम्पोत बाळ नेऊ नका, एवढंच सांगतो.

बाळाला सर्दी झाली की बाम चोळायची, कापराची पुरचुंडी गळ्यात बांधायची सवय आहे. दोन वर्षांच्या आत हे करू नका. कापरानं झटके येऊ शकतात. त्याऐवजी श्वास मोजा. बाळ शांत असताना, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, तर न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना छाती आत खेचली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, फार झोपाळलं असेल, झटके आले, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका फुकट येते. आपल्याकडे असाल तर घाटी गाठा.

नामविस्तार दिनाला तर आपल्याला कुठं जायचंच नसतं, परभणी-नांदेडचे पाहुणे आपल्या घरी येतात. एका खोलीत दहा माणसं, दार बंद, कोपऱ्यात कोळशाची शेगडी. बंद खोलीतल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. शेगडी विझवून बाहेर ठेवा, मग झोपा. बाळाला धुरी देऊ नका. आणि खोकणाऱ्या मामा-मावशीला मुका घेऊ देऊ नका. त्यांना वाईट वाटेल, वाटू द्या. आधी साबणानं हात धुवायला लावा, मग तोंडाला रुमाल बांधून लांबून बघू द्या.