तानसेन नव्हे, कानसेन

मुलाला गाण्याच्या वर्गाला घालताना पालकांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो : "याचा पुढे उपयोग काय?" दहावीचे वर्ष उजाडले, की सर्वांत आधी तंबोऱ्यावर गवसणी चढते. संगीत शिकायचे ते गायक होण्यासाठीच, हा समज त्यामागे असतो.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी तो शंभर वर्षांपूर्वीच दूर सारला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि घराण्यांच्या चौकटीत राहिलेली विद्या सामान्य कुटुंबांसाठी खुली केली. प्रत्येक विद्यार्थी तानसेन होणार नाही. परंतु उत्तम 'कानसेन' निश्चितच होऊ शकेल, अशी त्यांची धारणा होती.

कान तयार होतो म्हणजे नेमके काय होते? पहिल्या दिवशी तंबोऱ्याचा नाद एकसंध वाटतो. काही महिन्यांनी त्याच चार तारांतील पंचम, जोडीचे षड्ज आणि खर्ज वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. तीनतालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेवरील खाली ओळखून नेमके समेवर यायचे, तर ओठांवर बंदिश, हातावर ताल आणि तबल्याकडे कान अशी तिहेरी एकाग्रता लागते. चूक लपवता येत नाही. शांतपणे पुन्हा आरंभ करावा लागतो.

संगीतामुळे गणिताचे गुण वाढतात, असे दावे अधूनमधून केले जातात. ते निर्विवादपणे सिद्ध झालेले नाहीत आणि त्यांची आवश्यकताही नाही. लक्षपूर्वक ऐकणे, दुसऱ्याच्या लयीशी जुळवून घेणे आणि चुकीने खचून न जाणे, ही कमाई काही थोडी नव्हे. घरात असो वा कार्यालयात, ती आयुष्यभर पुरते.

ही संधी केवळ बालवयापुरती नाही. बदलीच्या नोकरीमुळे शिक्षण खंडित होईल, ही चिंताही फारशी उरलेली नाही. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक'पासून 'अलंकार'पर्यंतच्या परीक्षा देशभरातील केंद्रांवर होतात. एका गावी सुटलेला धागा दुसऱ्या गावी पुन्हा हाती घेता येतो.

आवर्ती ठेवीचे मर्म ग्राहकांना ठाऊक आहेच : रक्कम लहान असली तरी चालेल, हप्ता चुकता कामा नये. रियाजाचेही तसेच आहे. रोजची वीस मिनिटे पुरेशी आहेत. गवसणी तेवढी काढायला हवी.